टर्बो निवेपर्यंत

तो कवळ्या घडवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. दिवसभर परक्यांचे दात जबड्यात बसवायचे आणि उरलेल्या वेळात आपल्या लाल गाडीचं बोनेट उघडून आत डोकं घालायचं, एवढाच त्याचा संसार. घरात दोघंच, तो आणि सतरा वर्षांची लेक भिंगरी. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती.

गाडी म्हणाल तर छोटीशी, मागचं दार वर उघडणारी, भाजी आणायला पुरेल अशी. पण आत टर्बो! म्हणजे इंजिनाच्या धुरावरच गरगर फिरून त्याला दुप्पट हवा पाजणारी चक्की. त्यात या बाबानं ती हवा गार करायला मोठा कूलर बसवला, स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटं खाली आणली, आणि सायलेन्सर असा घातला की गाडी वळणावर असतानाच शेजारच्या काकू खिडकी लावून घेत. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे कोणी सांगत नाही.

रोज संध्याकाळी तो भिंगरीला क्लासवरून आणायचा. नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की टर्बो शीळ घालायचा, पाण्यावरचं ऊन लांबच लांब ओढलं जायचं, आणि बापलेक जमिनीपासून वीतभर वर असल्यासारखे गप्प बसून राहायचे. घरी शेडमध्ये शिरल्यावर मात्र इंजिन लगेच बंद करायचं नाही, हा त्याचा दंडक. तापलेल्या टर्बोत तेल खेळतं राहिलं पाहिजे, नाहीतर ते आतल्या आत करपतं. म्हणून एखादं मिनिट नुसतं बसायचं. इंजिन मंद घुरघुरायचं, पत्र्याच्या फटीतून उजेडाची रेघ तिच्या मांडीवर यायची, आणि दिवसभर तोंडातून ब्र न काढणारी भिंगरी तेवढ्यात बोलायची.

"बाबा, मासे झोपतात का रे?"

"बाबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय."

तो तापमानाच्या काट्याकडे बघत उत्तर द्यायचा. तसं बरं पडायचं, दोघांनाही.

अशात तिला आत्याच्या गावी, नकाशे आखायला शिकवणाऱ्या कॉलेजात जागा मिळाली. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते आत्यामार्फत कळवायचं होतं. कवळीवाल्याचा जीव टांगणीला लागला. विचारायची हिंमत नाही. नको म्हणाली तर आपल्यापायी पोरीचं नुकसान, आणि हो म्हणाली तर आपलं काय? ती आपणहून सांगेल म्हणून तो वाट बघत राहिला.

सोमवारी गाडी निवत असताना ती म्हणाली, "बाबा, मी काय म्हणत होते..." आणि थांबली. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडवत बसली. यावरून आमच्या शहाण्यानं काय ताडावं? पोर इथं बसून कंटाळली! मंगळवारी त्यानं गाडीला टायमर बसवला. किल्ली काढा, खुशाल उतरा, इंजिन मिनिटभर चालून आपलं आपण बंद.

"बघ, आता खोळंबा नाही!"

"छान आहे," ती म्हणाली आणि घरात गेली.

त्या रात्री जेवताना चमचे तेवढे वाजले. बुधवारीही तेच.

गुरुवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात हात धूत होता. सहज खिडकीबाहेर बघितलं. शेडमध्ये गाडी एकटीच घुरघुरत होती, आणि आत, आपल्या जागेवर, भिंगरी. ती बोलत होती. शेजारच्या रिकाम्या सीटशी.

अरे ठोंब्या! आता पडला डोक्यात उजेड. साबणाचे हात तसेच घेऊन तो धावला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

"काय सांगत होतीस?"

"काही नाही."

"मला सांग ना. मी आलोय."

तिनं समोरच्या काचेतून भिंतीकडे बघितलं. "मला जायचंय, बाबा. खूप जायचंय. पण तू..."

नेमकं तेव्हाच टायमरनं आपलं काम चोख बजावलं. इंजिन बंद झालं. तिचा हात दाराच्या कडीकडे गेला. पुन्हा इंजिन चालू करावं, तर किल्ली ओट्यावर राहिलेली.

मग त्याला स्वतःच मनातलं बोलावं लागलं, पाच वर्षांत पहिल्यांदा.

"मी एकटा पडेन," तो म्हणाला. "रडेन पण, सुरुवातीला. जेवणाचे हाल होतील. पण माझ्यासाठी राहिलीस ना, तर मला तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही. तू जा."

"खरंच जाऊ?"

"आत्ताच कळव. उद्याची वाट कशाला बघतेस?"

तिनं त्याचा साबणाचा हात घट्ट धरला, सोडला आणि धावत घरात गेली. तो तिथंच बसून राहिला. फोनवर आत्याशी बोलणारा तिचा आवाज शेडपर्यंत येत होता, भरभर, हसरा, मध्ये श्वासही न घेता. हुबेहूब तिच्या आईसारखा. तो ऐकत राहिला, आणि मग त्याला रडू आलं.