मनगटावरची काडी

“काडी हालली म्हणून वरडायचं नाई. वरडले का छाती धडधडते, मंग काडी आनखी हालते, मंग तुम्ही आनखी वरडता. अशानं मी मोजू कवा?”

बाबा म्हणाले, आणि पोरं हसली. आठवीची चाळीसेक पोरं होती, दारव्ह्याकडच्या एका गावातून तीन जीप भरून आलेली. विज्ञान संग्रहालयाच्या लांब टेबलावर प्रत्येकानं हात उताणा ठेवला होता. बाबा एकेका मनगटावर नाडी शोधून तिथं कणकेची लहानशी गोळी चिकटवत होते, आणि त्यांच्या मागून मी त्या गोळीत आगपेटीची गुल काढलेली काडी खोचत होते. गोळी नेमक्या जागी बसली, की काडी ठोक्यागणिक डुलते. त्यांचा मदतनीस रजेवर होता. मी अमरावतीहून दोन दिवसांसाठी घरी आले होते, म्हणून मला धरलं होतं.

कणीक आमच्या घरची. सकाळी पोळ्या करताना आई एक गोळा वेगळा काढून डब्यात देई आणि म्हणे, “चाळीस पोट्ट्याइच्या हाताले लावा, पन एकाच्याबी पोटात जाऊ देऊ नका.”

बाबा त्या संग्रहालयात सव्वीस वर्षं प्रयोग सहायक होते. दुसऱ्यांनी लावलेले शोध आज पहिल्यांदाच लागत असल्यासारखे पोरांना दाखवायचे, एवढंच त्यांचं काम. नाडीचा प्रयोग मात्र त्यांनी त्याच महिन्यात सुरू केला होता. दोन हजार सतराचा सप्टेंबर होता. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणाऱ्याच्या तोंडावरच किडीच्या औषधाचे तुषार पडत. गावोगावची माणसं डोळे चोळत, धापा टाकत दवाखान्यात येत होती आणि त्यातली काही परत जात नव्हती. सहलीला आलेली पोरं भिंगं आणि चुंबकं हाताळायची, पण गप्प असायची. “इतके गप्प पोट्टे मी सव्वीस वर्षांत पाह्यले नाई,” बाबा म्हणाले होते. “घरच्या माणसाले बरं नसलं, त निदान नाडी पाह्यता आली पाह्यजे त्याइले.”

काड्या डुलू लागल्या. कोणाची भरभर, कोणाची सावकाश. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “सर, एक ठोका चुकला त मानूस मरते काय?”

कोणी हसलं नाही. त्यांचे मास्तर, कपिल सर, माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “निकिता. तिचे बाबा परवापासून भरती आहेत, फवाऱ्याचं. तिले आणणार नव्हतो, पन घरी कोणीच नाई.”

“डाक्टर म्हने नाडी चुकून राह्यली,” निकिता म्हणाली. “मी आयकलं. त्याइले वाटलं मी झोपली हाओ.”

बाबा तिच्याकडे गेले. स्टूल ओढून बसले. ते बसले तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली, हे मला नंतर आठवलं. त्यांनी स्वतःचा हात तिच्यासमोर ठेवला आणि मला म्हणाले, “अनघा, लाव इथं.”

मी गोळी लावली. त्यांचं मनगट गार होतं आणि ओलं होतं. भर दुपारी, पंख्याखालीसुद्धा माझ्या पाठीवर घाम होता, आणि बाबांचं मनगट माठासारखं गार.

काडी डुलली. पुन्हा डुलली. मग थांबली.

मला वाटलं, कणीक वाळली. मी मोजत राहिले. काडी एकदम दोनदा घाईनं हलली, मग चार ठोके नीट, आणि पुन्हा गप्प. या वेळी ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मी गोळी दाबून बसवली. तसंच.

मी वर पाहिलं. बाबा काडीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. तेहेतीस वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं. भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं.

क्षणभरच. मग त्यांनी मान वळवली.

“दिसलं काय वं? माहीबी चुकली ना?”

“हो,” निकिता म्हणाली.

“मंग मी मेलो काय?”

ती अर्धवट हसली. “नाई.”

“चुकते कधी कधी मानसाची. डाक्टर पाहून राह्यले ना तुह्या बाबाले? कोनी पाहून राह्यलं म्हंजे बरं असते.”

ते बोलणं तिच्यासाठी होतं. मी ते माझ्यासाठीही घेऊन टाकलं. बाबांनी काडी काढली, कणीक बोटात चुरगळली आणि पुढच्या मुलाकडे गेले. मी डबा धरून त्यांच्या मागे.

संध्याकाळी ते मला स्कूटरवर स्टँडवर सोडायला आले. मी मागे बसले होते, त्यांच्या शर्टाला धरून. सगळ्या रस्त्यात मी एक वाक्य जुळवत होते. ते साधं होतं. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी थांबते. पण ते तोंडातून निघालं की दुपारी दिसलेलं खरं होणार होतं.

बस लागली होती. “बाबा, तुमची...” मी म्हटलं.

ते थांबले. वाट पाहत होते, असं मला आज वाटतं.

“काय?”

“तुमची पाण्याची बाटली माझ्याजवळच राहिली.”

“राहू दे. गाडीत लागते,” ते म्हणाले. “पोचली का फोन कर.”

मी रात्री फोन केला. त्यांनी विचारलं, “जेवली काय?” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला आईचा फोन आला.

पुढचे बारा दिवस माणसं येत राहिली. आई प्रत्येकाला तेच सांगे. काहीच नव्हतं हो. चहा घेतला, पेपर वाचला, अन् बसल्या जागी गेले. कधी डोकंसुद्धा दुखलं नाही त्यांचं. मी शेजारी बसून पाण्याचे पेले भरत होते. कोणी माझ्याकडे पाहिलं की मी खाली पाहत होते.

तेराव्या दिवशी दुपारी शेवटच्या पाहुण्या, शेजारच्या विमलताई, निघून गेल्या. आईनं दार लावलं. घरात आम्ही दोघीच उरलो. ती सतरंजीची घडी घालायला वाकली आणि तशीच खाली बसली.

“मीच धाडलं त्याइले गच्चीवर,” ती म्हणाली.

मला समजलं नाही.

“टाकी भरली का पाहून या म्हटलं. ते म्हणे, थोडं थांबतो. मी म्हटलं, पाणी वाहून जाईन, मंग जान का? गेले बिचारे. खाली आले, पायरीवर बसले, अन्...” ती दाराकडे पाहून अगदी हळू बोलत होती, कोणी बाहेर उभं राहून ऐकत असल्यासारखी. “कोनाले सांगू नको, अनघा. लोकं काय म्हणतीन? थांबतो म्हटलं होतं त्याइनं. मी मारलं वं त्याइले.”

बारा दिवस ही बाई माणसांना चहा विचारत होती आणि आतून अशी भ्यालेली होती. तिची भीती उतरवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, मी. आणि ते बोललं की ती माझ्याकडे कशी पाहील, याची मला त्या काडीपेक्षा जास्त भीती वाटली. मी उठून पाणी आणावं, असं मनात आलं. मी उठले नाही.

“टाकीनं काई नाई झालं, आई,” मी म्हटलं. “आदल्या दिवशीच चुकून राह्यली होती त्याइची नाडी. मले दिसली. अन् मले दिसली हे बाबाले माहीत होतं. मी भ्याली, आई. मी बोललीच नाई.”