मुळापर्यंतची खुरपणी

“कुठलंही मशीन लावायच्या आधी पेसमेकरचं सांगायचं,” असं आत्यांच्या छातीत पेसमेकर बसवून घरी सोडताना पुण्याच्या नर्सबाईंनी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. आमच्या खुटबाव गावात कोण कसलं मशीन लावतंय!

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. दातांना मिश्री लावायची सवय लग्नाआधीपासूनची. खालचे दात हलायला लागले तसं एका दवाखान्यात म्हणाले, “काढा, कवळी बसवा.”

“माझ्या मैतरणीची, धुरपदाची कवळी भाकरीत अडकून बाहेर आलीया. मला न्हाई पायजे.”

म्हणून त्यांना यवतला माझ्या मैत्रिणीकडं, डॉक्टर आसमीनकडं नेलं. तिनं हिरड्या तपासल्या. “मुळांवर कीटण चढलंय. साफ केलं तर दात वाचतील. काही आजार?”

“न्हाई.”

तिनं दात साफ करायचं मशीन सूं करून सुरू केलं. आत्यांनी दचकून छातीवर हात ठेवला, नेमका पेसमेकरवर.

“आसमीन, थांब! त्यांना पेसमेकर आहे.”

“अहो आत्या, मी विचारलं ना?”

“आजार इचारला तू. त्यो तर मशीन बसवल्यावर बरा झाला की!”

आसमीननं कपाळाला हात लावला. “नवी मशीनं बहुतेक चालतात, पण हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हातानंच करते.”

“हातानं कमी निघतं का गं?” मी विचारलं.

“मुळं दोन्हीनं सारखीच साफ होतात. मशीन लवकर उरकतं, हातानं माझं मनगट दुखतं, एवढंच.”

तिनं बारीक, वाकड्या टोकाचं हत्यार दाखवलं. आत्या खुलल्या. “हे तर खुरपं! कर दमानं. खुरपणीत घाई केली की पीकच उपटतं.”

हिरडी बधिर करून, तीन-चार खेपांत तिनं एकेक मूळ खरवडून काढलं. घरी आरशात बघून आत्या ओरडल्या, “फटी पाडल्या की पोरीनं!” फोनवर आसमीन हसली. “तिथं दात नव्हताच, कीटण होतं. आता मिश्री लावलीत तर गवत परत उगवणार बघा.”

मी मिश्रीच्या डबीवर नजर ठेवून होते. पण एका सकाळी माझा दोन वर्षांचा स्वराज आजी मिश्री लावते तसं बोट दातांवर फिरवत बसला. आत्यांनी बघितलं. तशाच उठल्या आणि डबी उकिरड्यावर फेकून आल्या.

परवा तपासणी झाली. रक्त येत नाही, दात बरेच घट्ट झालेत. यवतच्या स्टँडवर आत्यांनी भाजलेलं कणीस घेतलं आणि दातांनी दाणे सोलत धुरपदाबाईंना फोन लावला, “ऐकू येतंय का? माझंच दात हायेत!” अख्खा स्टँड वळून बघत होता. मला जराही लाज वाटली नाही. ही माझी सासू, असं सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

तुमच्या घरातही मिश्री लावणारं कुणी असेल. आज जेवताना त्यांच्या ताटाकडं बघा. भाकरी भिजवून खातायत का? दात हलतायत का, विचारा त्यांना. आणि दवाखान्यात नेलंत, तर बरा झालेला आजारसुद्धा सांगा.