परस्थ मंडळाची नवी पाटी

एकोणीसशे सत्तावन्न साली आमच्या कळंबच्या परस्थ साहाय्य मंडळानं नवी पाटी करायचं ठरवलं. राज्याच्या सीमा नुकत्याच हलल्या होत्या, आणि पोटामागं आळंद-गुलबर्ग्याकडून माणसं येत होती. त्यांना खोली आणि काम बघून देणारं हे मंडळ. जुनी पाटी नुसत्या अक्षरांची. येणाऱ्यांना मराठी वाचता येत नसे. तेव्हा चित्र हवं, असं अध्यक्ष राघवेंद्रअण्णांनी सुचवलं. चित्रात मदत देणारा कोण असावा, हे त्यांनी सुचवलं नाही. फक्त जैनोद्दीन पेंटरकडं जाताना ते इस्त्रीची टोपी घालून गेले.

पाटी एसटीच्या थांब्यासमोर लागली. टोपीवाले अण्णा भाकरी देतायत. समोर डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, डोळ्यांत पाणी, हात पुढं. आमच्या माना ताठ झाल्या.

तेवढ्यात शिवकांताबाई आल्या. चार वर्षांमागं आळंदहून आल्या तेव्हा मंडळानंच त्यांना खोली दिली होती. आता पेंटरच्या दुकानासमोर त्यांची खानावळ होती. मोंढ्याच्या बाजारातली निम्मी माणसं तिथं जेवत. घरची मंडळी माहेरी गेली की अण्णाही.

"अय्यो अण्णा, ही तर मीच की!"

जैनोद्दीननं खाली बघितलं. "समोर जे दिसतं तेच हातातून उतरतं, बाई."

"उद्या माझ्या महानंदाला बघायला तामलवाडीचे पाहुणे येनार. उतरल्या उतरल्या ही पाटी बघतील. हात पसरणारीची लेक कोन करून घेईल?"

"पाटी उतरवतो," अण्णा म्हणाले. चेहरा मात्र पडला.

"उतरवू नका. मंडळानं खोली दिली, हे मी समद्यांना सांगते. त्याची लाज न्हाय. पण म्या काम मागत आले, भाकरी न्हाय. आनि रडले कवा?"

"चुलीचा धूर होता ना," जैनोद्दीन म्हणाला. "मला काय ठाऊक?"

त्यानं ब्रश घेतला. आसवं पुसली. गाठोड्याची भाकऱ्यांनी भरलेली दुरडी केली. बाई खूश होऊन गेल्या. मग आम्हाला दिसलं, की भाकरी आता दुरडीतून निघून अण्णांच्या हातात पडत होती. आम्ही सभासद आभाळाकडं बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील विरुपाक्षप्पा बायकोसह एसटीतून उतरले. पाटी बघितली. स्वागताला उभ्या असलेल्या अण्णांना बघितलं. परत पाटी बघितली. मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुमची सोय झाली का, बाबा?"

शेजारी उभ्या शिवकांताबाईंनी पदर गच्च धरला. 'मी अध्यक्ष आहे' एवढं अण्णा म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग घेणारी कोण?

"झाली की," अण्णा म्हणाले. "ह्या बाईंच्या हातची भाकरी मिळते. कळंबात येणारा कुणीच उपाशी राहत नाही. चला, तुम्हीही त्यांच्याकडंच निघालाय ना?"

विरुपाक्षप्पांनी व्याह्याच्या नजरेनं बाईंकडं बघितलं. "दारच्या माणसाला जेवू घालणारं घर," ते बायकोला म्हणाले. "आनि काय बघायचं?"

लग्न ठरलं. मंडळाच्या शिक्क्यावर, पावतीवर तेच चित्र गेलं. कुणी नवखा आला की अण्णा छाती काढून बोट ठेवत:

"हा घेणारा, तो मी."