एका ओळीपायी गेलेला पत्ता

मी एक पत्ता बोलतोय. दार-खिडक्यांचा नव्हे, इंटरनेटवरचा. नाव मात्र सांगणार नाही. ज्या नावापायी एवढं महाभारत घडलं, ते पुन्हा उच्चारून आणखी एक तक्रार कोण ओढवून घेईल? एवढंच सांगतो, की माझा पुढचा अर्धा भाग म्हणजे शिलाई मशीनच्या एका मोठ्या कंपनीचं नाव आणि मागचा अर्धा म्हणजे 'दुरुस्ती'. भांडण झालं ते पुढच्या अर्ध्यावरून. मागच्या अर्ध्याचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला, ताटं उचलल्यावर. माझे मालक मिस्त्री. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. ती इमारत पाडायला काढली तेव्हा ते मागच्या गल्लीत गेले, छापखान्याच्या वरच्या खोलीत. तिथला जिना काही गिऱ्हाइकांना सापडेना. मिस्त्रींनी जन्मभर या एकाच कंपनीची मशीनं दुरुस्त केली होती. दुसऱ्या कंपनीचं मशीन कुणी आणलंच, तर "आमचं घराणं वेगळं हो" म्हणून दारातूनच परत पाठवायचे. शेवटी त्यांच्या सुनेने मला नोंदवलं आणि एक पान तयार केलं. त्यावर जिन्याचा फोटो होता, नकाशा होता, आणि तळाला तिने एक ओळ लिहिली होती: 'या दुकानाचा कंपनीशी काहीही संबंध नाही.'

बाकी सगळं पान मिस्त्रींना पसंत पडलं. त्या ओळीपाशी ते अडले.

"संबंध नाही म्हणजे? काय बोलतेस तू! या मशीनवर पोरं शिकली माझी."

"बाबा, कायद्यासाठी लिहायचं असतं ते. पुढे भानगड नको."

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस नाही मी. काढ ती ओळ."

तिने काढली. वर त्यांनी कंपनीचं चिन्हही लावून घेतलं, चांगलं ठळक. वडीलधाऱ्यांचा फोटो लावावा तसं ते पानाच्या डोक्यावर बसलं.

नंतरचे दिवस बरे गेले. पडदे शिवणाऱ्या बाई यायच्या, नाटकाचे कपडे शिवणारा एक तापट शिंपी यायचा. माझं नाव चुकीचं टाइप करून मलाच शिव्या घालणारेही पुष्कळ होते. माणसांची ती सवयच आहे. पण एकदा का कुणी जिना चढून वर पोचलं, की मिस्त्री आधी मशीनचं चाक हाताने फिरवून कान लावायचे आणि मग त्या माणसाकडे बघायचे. जुनी लोखंडी मशीनं बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलं होतं. ती जिवंत ठेवणारा हा एकटा राहिला होता, आणि त्याच्यापर्यंत नेणारा मी. मी थोडा शेफारलोही होतो.

मग कंपनीच्या वकिलांची तक्रार आली. अशी भांडणं कोर्टात न नेता लवादापुढे मिटवायची एक रीत आहे. पत्त्यात आमचं नाव आहे, मालकाचा त्या नावावर हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं नि वापरलं, असं तक्रारदाराने दाखवायचं, की पत्ता त्याच्या पदरात पडतो. वाईट हेतू! मिस्त्रींचा! मला तेव्हा इतका संताप आला, की काय सांगू. पण पत्त्याने संतापून करायचं काय?

मिस्त्री मात्र खुशीत होते.

"लिही गं, तुमची जुनी मशीनं अजून चालवतोय म्हणावं. त्यांना ठाऊक नसेल बिचाऱ्यांना. कळलं की आनंदच होईल."

सुनेने ते तसंच लिहून पाठवलं, सोबत दुरुस्त केलेल्या मशीनांचे फोटोही जोडले. लवाद काही जिना चढून वर आला नाही. त्याचं काम कागदावरचं. त्याने माझं पान उघडलं. ठळक चिन्ह दिसलं, कंपनीचं नाव दिसलं. कंपनीशी आपला संबंध नाही, असं मात्र मालकाने कुठेच म्हटलेलं नव्हतं. पाहणाऱ्याला हे कंपनीचंच दुकान वाटेल आणि तसं वाटावं म्हणूनच हे केलंय, असा निकाल लागला. मला कंपनीच्या हवाली करायचं ठरलं.

सुनेने निकाल वाचून दाखवला. मधला एक परिच्छेद तिने गाळला. मिस्त्री दोऱ्याची बॉबिन बोटांत फिरवत बसले होते.

"ती ओळ काढायला नको होती का गं?"

"छे हो बाबा. तेवढ्याने काय होतंय!"

"कोर्टात जायचं म्हणतेस?"

"तुम्ही सांगाल तसं."

"नको. कंपनीशी का भांडायचं? आपल्याच घरी गेलंय ते."

या घरात मला कुणी हाक मारत नाही. कंपनीने माझ्यासारखी शेकडो नावं गोळा करून ठेवली आहेत, वापरायला नव्हे, दुसऱ्याने वापरू नयेत म्हणून. मला उघडलं की कोरं पान येतं. पडदेवाल्या बाई येऊन गेल्या, शिंपी येऊन गेला. हळूहळू सगळे थांबले. एकच जण अजून येतो. छापखान्याच्या वरच्या खोलीतून मला कुणीतरी रोज सकाळी उघडतं, बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघतं आणि बंद करतं. सून कामावर गेलेली असते त्या वेळी.

तुमच्या घरी जुनं लोखंडी मशीन बंद पडलं असेल, तर मला विचारू नका, मला आता काही सांगता येत नाही. मोठ्या रस्त्यावरच्या पाडलेल्या इमारतीमागे गल्ली आहे. छापखान्याच्या उजव्या हाताला अंधारा जिना आहे, कठडा हलतो, जपून चढा. आणि जाणार असाल तर लवकर जा. परवापासून मात्र त्या वरच्या खोलीतूनही मला कुणी उघडलेलं नाही.