धोंडुबाईची उलटतपासणी

आरोपीला ‘तू केलंस का?’ असं कधी विचारायचं नाही, हा नेम अॅडव्होकेट अनुजानं वकिलीच्या पहिल्या वर्षापासून पाळला होता. पिराजीलाही तिनं विचारलं नाही. पन्हाळ्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला हा गडी. धाकट्या भावाचा, जोतीरामचा, कोयत्यानं खून केल्याच्या आरोपाखाली तीन वर्षं कळंब्याच्या जेलात होता. वकील लावायची ऐपत नाही, म्हणून कोर्टानंच त्याची बाजू अनुजाकडं सोपवलेली. भांडण गोठ्याच्या जागेचं. कोयत्यावर ठसे मिळाले नव्हते. साक्षीदार एकच होती, दोघांची आई.

धोंडुबाई कठडा घट्ट धरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. “माझ्या थोरल्यानंच धाकट्याला मारलं,” एवढं सरकारी वकिलांना सांगून गप्प झाली.

अनुजा उठली. आवाज तिनं मऊच ठेवला.

“आजी, त्या संध्याकाळी लाइट गेली होती ना?”

“व्हय.”

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं ते नंतर.”

“व्हय की.”

“मग सोप्यात बसून गोठ्यातल्या माणसाचा चेहरा दिसला तुम्हाला?”

“चेहरा न्हाय, पर बाई...”

“तेवढंच विचारलंय, आजी. दिसला की नाही?”

म्हातारीचे ओठ हलले, थांबले. “न्हाय दिसला.”

सरकारी वकिलांनी पुढं काही विचारलं नाही. महिन्याभरात पिराजी संशयाचा फायदा मिळून सुटला. बाररूममध्ये अनुजाची पाठ थोपटली गेली.

त्याला न्यायला कोण येणार, असं वाटून दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कळंब्याला गेली. जेलच्या भिंतीच्या सावलीत धोंडुबाई बसली होती. अनुजा अवघडून शेजारी टेकली.

“माझ्यावर राग असेल तुमचा.”

“कशापाय? तुमी तुमचं काम केलासा. मी सांगत हुते, तर थांबवलासा.” म्हातारी रस्त्याकडं बघत बोलत होती. “डोळ्यानं न्हाय, कानानं वळखलं. ‘दादा, नको’ म्हणून जोत्या वरडला. आनि ह्यो म्हनला, ‘आता बोल की.’ पोटच्या पोराचा आवाज, बाई. त्याला उजेड कशाला लागतोय?”

त्या ‘पर’च्या पुढं काहीतरी आहे, हे अनुजाला कोर्टात तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं, म्हणूनच तर तिनं तोडलं होतं.

“मग त्याला न्यायला का आलात?”

“दोन हुती, एक गेलं. ह्यो आत ऱ्हायला असता तर चूल कुणासाठी पेटवू? आनि आता सुटलाय, तर ह्याच्या हातचं पानी कसं पिऊ?”

फाटक उघडलं. पिशवी सांभाळत पिराजी बाहेर आला आणि अनुजाच्या पाया पडायला वाकला. ती चटकन मागं सरली. मग तो आईपुढं वाकला. धोंडुबाईनं पाय मागं घेतले नाहीत, पण त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

“आई, काय तरी बोल की.”

“चल. धारंची येळ व्हईल.”

“गाडीनं सोडते मी,” अनुजा म्हणाली. म्हातारीनं मान हलवून नको म्हटलं आणि चालू लागली. दहा पावलं मागं तो. थांब्यावर दोघं दोन टोकांना उभी राहिली. बस आली, तेव्हा आधी ती चढली. तो मात्र खांबाला धरून तसाच उभा होता. शेवटी कंडक्टर ओरडला, “पावणं, येतायसा का न्हाय?”

तेव्हा कुठं त्यानं पायरीवर पाय ठेवला.