सहाव्या घरची भीक

विधवा होण्याचे फायदे कोणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते. पहिला फायदा, वाट मोकळी मिळते. आमच्या प्रकाशा गावात कोणी शुभ कामाला निघालं आणि समोरून मी आले, की माणसं अशी लगबगीने बाजूला व्हायची की मामलेदारालाही तेवढा मान मिळाला नसता. दुसरा फायदा, बारशाला, हळदीला जायची दगदग वाचते. तिसरा फायदा मला अजून सापडायचा आहे.

नवरा नंदुरबारला कापसाच्या जिनात कारकून होता. पटकीने गेला. दिवस-कार्य आटोपताच सासरच्यांनी मला बैलगाडीत घालून माहेरी पोचवलं, न आवडलेलं लुगडं दुकानात परत करावं तसं. माझी माय कौसाबाई गळ्यात पडून पोटभर रडली आणि डोळे पुसून म्हणाली, “रमिला, हाई तुन्हं घर नही, ध्यानम्हा ठेव. हाई सुकलालनं घर शे.” सुकलाल माझा धाकटा भाऊ. मी विसरेन की काय, या काळजीने माय हे वाक्य रोज एकदा तरी म्हणायची. दुसरं घर करून द्यावं म्हणून मला बघायला पाहुणेही आले होते. गुळाचा चहा प्यायले, माझ्या पायगुणाची हकिकत ऐकली आणि टोप्या सावरत निघून गेले. चहा मीच केला होता. तो काही कोणाला बाधला नाही.

माझ्या हाताची तशी गंमतच होती. तो कापूस वेचायला चालायचा, म्हैस पिळायला चालायचा, घरादाराच्या भाकरी थापायला तर फारच चालायचा. फक्त पाळण्याजवळ गेला की तोच हात अशुभ व्हायचा.

त्या हाताला आणखी एक कला होती. नंदुरबारला आमच्या शेजारी मिशनची एक मडम राहायची. तिने मला क्रोशाचं विणकाम शिकवलं आणि मी निघाले तेव्हा उरलीसुरली लोकर पिशवी भरून दिली. लाल, पिवळी, आंबा रंगाची, एक तर थेट वांग्याच्या रंगाची.

कापसाचा भाव कोसळला त्या साली माझी भावजय जसोदा तिसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिली दोन्ही मुलं महिन्याच्या आतच गेली होती. दोघांसाठी मायने आधीपासून रेशमी कुंच्या, नव्या गोधड्या, चांदीचे वाळे करून ठेवले होते. गावाने ते बघून डोळे दिपवून घेतले आणि मायच्या मते तीच दृष्ट लागली. त्यामुळे या वेळी हुकूम सुटला, बाळाच्या नावाने घरात सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही.

मी सुईत दोरा ओवलाच नाही. क्रोशाच्या सुईला नाक नसतं, आकडा असतो.

कापूस भरायची खोली मला झोपायला दिली होती, तिथे बसून मी विणू लागले. आधी साखळीचं इवलंसं कडं, त्यातून पाकळ्या, पाकळ्यांच्या मागून खांब, आणि चारी अंगाला कोपरे काढले की गोल फुलाचा चौकोन होतो. असे चौकोन करायचे आणि एकमेकांना जोडायचे. बाळाच्या अंगावर फुलांचा वाफा. माझ्या पोटी काही येणार नव्हतं, पण मी आत्या तर होणार होते ना? आत्याचं काहीतरी बाळाच्या अंगावर पडावं, एवढीच माझी हाव होती.

शेजारची बेबीबाई एकदा डोकावली. “हाई काय शे व?”

“तोरण शे,” मी ठोकून दिलं.

तिने ते दोन्ही हातांनी पसरून बघितलं. “इतलं मोठं? दारनं शे का गावनी वेसनं?”

पौषात जसोदाला मुलगा झाला. नाव ठेवलं धुडकू, म्हणजे चिंधी. यमालाही उचलून न्यावंसं वाटू नये, म्हणून असंच नाव ठेवायची रीत. सुईण दगूबाईने दुसरीही रीत सांगितली. “घरनं काहीच नको पोऱ्याना आंगवर. पाच घरनं धुडकं मांगी लया.”

मग काय, दोनशे बिघ्यांची मालकीण असलेली माझी माय पदर पसरून गल्लीत भीक मागत फिरली. लोकांनीही हात राखून दान केलं. कोणी पागोट्याची चिंधी दिली, कोणी लुगड्याचा विरलेला पदर. एक तुकडा असा होता की त्यातून आरपार तापी दिसली असती. एरवी आमच्याकडून बियाणं उसनं नेणाऱ्या बेबीबाईने तर तिच्या घरचं पोतेरंच धुऊन दिलं, आणि वर मायला आशीर्वाद दिला.

तापीवरचा पौषातला वारा रीतभात जाणत नाही. चिंध्यांत गुंडाळलेलं पोर काकडायचं. खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवली, तर धुराने खोकायला लागलं. शेगडी बाहेर काढली, तर ओठ निळे पडले. पेटीत गोधड्यांची चळत होती, पण त्या घरच्या. सुकलाल ओट्यावर बसून म्हणाला, “बायासना कामम्हा मी पडत नही.” त्याचंही बरोबरच होतं. तो कुठल्याच कामात पडत नसे.

माझ्याने राहवलं नाही. फुलांची गोधडी घेतली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. मायने काठीच्या टोकाने ती माझ्याकडे परत ढकलली.

“तुन्हा हातनं नको, बेटी. दोन गयात. आते हाऊ तरी ऱ्हाऊ दे.”

तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ती घाबरलेली होती, आणि मला वाटलं, खरंच माझा हात तसा असला तर? या एका गोष्टीवर मला थट्टा सुचली नाही. मी गोधडी उचलली, कापसाच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बेबीबाईचा आरडाओरडा ऐकू आला. दार उघडून बघते तर जसोदा समोर उभी. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं, हातात चिंध्यांतलं पोर. मान वर करून बोलायची तिला कधी सवय नव्हती. ती माझ्या दाराशी आली आणि तिने एका हाताने पदर पसरला.

“भीक वाढ व माय. पोऱ्याले धुडकं दे.”

माय मागून धावत आली. “जसोदा, येडी व्हयनी का तू? पाच घरनं व्हई गयं ना!”

“हाई सहावं,” जसोदा म्हणाली.

“हाई आपलंच घर शे व!”

“कसं काय?” जसोदा वळली. पदर तसाच पसरलेला. “तुम्हीच तर रोज सांगतस आक्काले, हाई तुन्हं घर नही. मंग आक्कानं घर दुसरं शे. आनि भिकारी घर पाहीसन भीक मांगस का?”

मायचं रोजचं वाक्य इतकं नीट ऐकणारं कोणी घरात असेल, असं तिला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं. मला घराबाहेर ठेवायला जे वाक्य तिने वापरून वापरून गुळगुळीत केलं होतं, तेच आता दारात आडवं पडलं होतं.

मी गोधडी आणली. दारी आलेल्या भिकाऱ्याला परत पाठवू नये, हे मला मायनेच शिकवलेलं.

बेबीबाई बघत होती, म्हणून मायने शेवटचा अडसर घातला. “नवं शे ते. भीकनं नवं चालस नही. काप त्याले. फाटकं कर.”

मी कात्री घेतली. उंबऱ्यावर बसले आणि गोधडी मांडीवर पसरली. क्रोशाचा एक टाका कापला की मागचं सगळं उसवत येतं, हे मला ठाऊक होतं. मायला ते समजावण्यात अर्थ नव्हता. कोपरा ताणून धरायला जसोदाला दोन्ही हात हवे होते. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि पोर माझ्या मांडीवर ठेवलं.

मायच्या तोंडून “अवं” एवढंच निघालं.

माझा भाचा. केवढा हलका होता! चिंध्यांसकट धरला तरी हाताला भार नाही. त्याचे पाय गार पडले होते, ते मी मुठीत धरले आणि मला रडू फुटलं. रडता रडताच कोणतं फूल कापायचं ते मी ठरवत होते. वांगी रंगाचं, असं ठरलं. एवढ्यात मांडीला ऊब लागली. धुडकूने लाल, पिवळ्या, आंबा रंगाच्या फुलांवरून, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता, लांबलचक धार सोडली होती.

बेबीबाई फिसकन हसली. जसोदा घाबरून मायकडे बघू लागली. माय पुढे आली. वाकली. ओल्या फुलांकडे बघत राहिली, मग धुडकूकडे, मग माझ्याकडे.

“आते नवं नही ऱ्हायनं,” ती म्हणाली, आणि तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

मी कोरडी बाजू वर घेऊन धुडकूला गळ्यापर्यंत गुंडाळलं. ओली मांडी घेऊन तशीच उंबऱ्यावर बसून राहिले. उठ म्हणायला कोणी आलं नाही.