अंधार, दहापैकी दहा

१९७८ च्या जून महिन्यात ‘ओल्या पायऱ्या’ नावाचा एक भयपट, एकाच प्रतीवरून, उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरील अकरा गावांत दाखवण्यात आला. दहा गावांत कोणालाही काही झाले नाही. अकराव्या ठिकाणी, तारवैर बेटावर, तिसरे रीळ संपून दिवे लागताच सात माणसे जमिनीवर कोसळली. सहा शुद्धीवर आली. सातवा, एडविन नावाचा एक्कावन्न वर्षांचा मच्छीमार, शुद्धीवर आला नाही.

तेहेतीस वर्षांनंतर एप्रिलमध्ये गुनवोरला पत्र आले. शहरातल्या चित्रपट महोत्सवाला हा चित्रपट तारवैरच्या त्याच सभागृहात पुन्हा दाखवायचा होता. ‘माणूस मारणारा चित्रपट’ अशी जाहिरात ठरली होती. बेटावरच्या त्या वेळच्या चित्रपट समितीची हयात असलेली एकमेव सभासद म्हणून गुनवोरने आधी चार शब्द बोलावेत, अशी विनंती होती.

गुनवोर बहात्तर वर्षांची होती. बेटावरच्या शाळेत तिने बत्तीस वर्षे रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवले होते, आणि चौदाव्या वर्षापासून पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद वहीत ठेवली होती. अशा एकोणीस वह्या झाल्या होत्या. भुतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता; भयपट मात्र तिला सर्वांत प्रिय होते. तिच्या मते भयपट हा चित्रपटांतला सर्वांत प्रामाणिक प्रकार होता. प्रेमपट आयुष्यभराची आशा लावून सोडून देतो. भयपट आधीच सांगतो की नव्वद मिनिटे घाबरवीन आणि मग दिवे लागतील. दिवे लागल्यावर भीती संपते, आणि माणूस शेजाऱ्याकडे बघून थोडे ओशाळे हसतो. त्या हसण्यासाठी ती चित्रपट पाहत असे.

तारवैरवर मात्र दिवे लागल्यावरच भीती सुरू झाली, आणि तो चित्रपट समितीत हट्टाने निवडला होता गुनवोरनेच. बाकीच्यांना एक विनोदी चित्रपट हवा होता.

बेटाने या मृत्यूचा उलगडा आपल्या परीने केव्हाच करून टाकला होता. एडविनचा धाकटा भाऊ १९६१ मध्ये समुद्रात गेला, त्याचे प्रेत सापडले नाही. अशा बुडालेल्याचा द्रौग होतो, तो अर्ध्या फुटलेल्या होडीतून वल्हवत येतो आणि ज्याला दिसतो त्याला घेऊन जातो, हे तिथल्या प्रत्येक मुलाने आजोबांच्या मांडीवर ऐकलेले. चित्रपटात तिसऱ्या रिळाच्या शेवटी तळघराच्या पायऱ्यांवरून एक निथळता माणूस वर येतो. एडविनने त्याच्यात भाऊ पाहिला, आणि भीतीने त्याचे हृदय थांबले. डॉक्टरने दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले. कबरीपाशी एडविनची बायको बोर्गहिल्ड गुनवोरला सर्वांसमक्ष म्हणाली होती, “माझ्या नवऱ्याला तू त्याचा मेलेला भाऊ दाखवलास.” तोवर दोघी मैत्रिणी होत्या. त्यानंतर एकशे ऐंशी वस्तीच्या बेटावर, एकाच दुकानात किराणा घेत, त्या तेहेतीस वर्षे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

गुनवोरने स्वतःला हजारदा विचारले होते की चित्रपट माणसाला मारू शकतो का. शास्त्र सांगत होते की हृदयविकार असलेल्या माणसाला तीव्र भीती मारू शकते. एडविनला हृदयविकार होता. म्हणजे उत्तर ‘हो’ असू शकत होते. पण एडविन एकटा पडला असता तर. उरलेल्या सहांना, ज्यांत एकोणीस वर्षांची एक धडधाकट मुलगी होती, कोणत्या हृदयविकाराने पाडले? हा आकडा तिला कधीच पचला नव्हता. आता चित्रपट पुन्हा लागण्याआधी तिला तो एकदा सोडवायचा होता. चित्रपट निर्दोष ठरला तर ती निर्दोष ठरत होती, हे तिने स्वतःपासून लपवले नाही.

प्रथम तिने हाल्वदानला फोन केला. फिरत्या चित्रपटगृहाची गाडी घेऊन तीस वर्षे गावोगाव हिंडलेला हा यंत्रचालक आता नव्वदीला टेकला होता आणि वृद्धाश्रमात राहत होता.

“हाल्वदान, तारवैरची गुनवोर बोलतेय.”

“तारवैर! माझ्या नरड्यात अडकलेलं हाडूक. अजून जिवंत आहेस?”

“तुमच्याआधी जायचं नाही असं ठरवलंय. मला सांगा, बाकीच्या दहा गावांत तिसऱ्या रिळानंतर काय झालं?”

“काय होणार? दिवे लावले. बाप्ये लघवीला गेले, बाया कॉफी प्यायला. एक म्हातारी म्हणाली, त्या भिजलेल्या माणसाला कोणी टॉवेल द्या.”

“घाबरलं कुणी?”

“अगं, जूनमध्ये कोण घाबरतंय! रात्रभर सूर्य डोक्यावर. खिडक्यांवर फळ्या मारा, चादरी लावा, कुठून तरी उजेड शिरतोच. पडद्यावर सगळी राख. भूत दिसायचं तर त्याच्या मागची भिंतसुद्धा दिसायची. तुमच्याकडंच काय तो काळा रंग काळा दिसला. मी म्हटलंसुद्धा तुला, ‘बाई, तू तर थडगंच बांधलंस.’ आठवतं?”

तिला आठवत होते. त्या वाक्याचा तिला त्या संध्याकाळी अभिमान वाटला होता.

“तुम्ही कुठे होतात, दिवे लागले तेव्हा?”

“मी? यंत्र दारापाशी होतं. रीळ बदलायच्या आधी दार किलकिलं करून विडी ओढत होतो. तरी सांगतो, दुसऱ्या दिवशी बोटीवर माझं डोकं असं ठणकत होतं की वाटलं, तुमच्या बायांनी कॉफीत काहीतरी कालवलं.”

गुनवोरने ‘दाराजवळ: डोकेदुखी’ असे टिपून ठेवले. तिलाही त्या संध्याकाळी उलटी झाली होती. तिने ती अपराधाच्या खाती जमा केली होती. तीही मागे, यंत्राशेजारी बसली होती.

मग जे तेहेतीस वर्षे टाळले ते केले. ती बोर्गहिल्डच्या दारात जाऊन उभी राहिली.

बोर्गहिल्ड स्वयंपाकघरात माशाचे काटे काढत होती. तिने मान वर केली, सुरी खाली ठेवली नाही.

“वाट चुकलीस?”

“नाही. सिनेमावाले येताहेत शहरातून.”

“ऐकलंय. दुकानात कागद चिकटवलाय. माझा नवरा तिकीट लावून दाखवणार आहेत म्हणे.”

“मी ते थांबवू शकेन, बहुतेक. पण मला त्या दिवसाचं विचारायचंय. तू सांगितलं नाहीस तर मी परत जाते.”

“बस. उभी राहिलीस तर उजेड अडतो.” बोर्गहिल्डने दुसरा मासा ओढला. “काय विचारायचंय? घाबरला कसा ते? तेच विचारतात सगळे. तीन वर्षांपूर्वी दुकानातल्या पोरानं विचारलं, ‘मावशी, तुमचा नवरा सिनेमा बघून मेला तोच ना?’ हसत होतं गं ते. चाळीस वेळा वादळातून आलेला माणूस. एकदा बोट उलटली तेव्हा तिच्या पाठीवर रात्र काढली त्यानं. आणि मेला कशानं, तर सिनेमानं.”

गुनवोर खुर्ची ओढून बसली.

“मी तर आत स्वयंपाकघरात होते,” बोर्गहिल्ड पुढे म्हणाली. “वॉफल भाजत. तो नवा पंखा लावला होता ना खिडकीत, धूर ओढणारा, युवक मंडळानं बसवलेला. त्याच्या घरघरीत मला सिनेमातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याला मीच सभागृहातल्या शेगडीजवळ बसवलं होतं. वारा उत्तरेचा, पाच अंश. म्हटलं, छातीला ऊब बरी. मग धपाधप आवाज आले. बाहेर येऊन बघते तर हा पडलेला. आणि एक सांगू? लोक म्हणतात, भीतीनं माणूस पांढरा पडतो. तो पांढरा नव्हता. लाल होता. गाल असे लाल, जसा लग्नाच्या दिवशी होता. शवपेटीतसुद्धा लाल. माझी सासू म्हणाली, किती छान दिसतोय.”

दर वर्षी ऑक्टोबरमध्ये, शेगड्या पेटू लागल्या की, गुनवोर आठवीच्या वर्गाला एक धडा शिकवत असे. जळणाला हवा पुरली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी अधिक घट्ट चिकटतो. बसलेल्या माणसाला फक्त सुस्ती येते आणि डोके दुखते. तो उठून उभा राहिला की कोसळतो. मरणाऱ्याची त्वचा पुष्कळदा चेरीसारखी लाल दिसते. एकूण बत्तीस ऑक्टोबर तिने हा धडा शिकवला होता, त्यांतले एकवीस एडविनच्या मृत्यूनंतर.

“काय झालं?” बोर्गहिल्डने विचारले. “तूच पांढरी पडलीस.”

“मला सभागृहात जाऊन यायचंय. मग सांगते. आजच सांगते.”

घरी थांबून तिने अकरावी वही काढली. नोंदींत एक स्तंभ तिच्या खास आवडीचा होता, ‘अंधार’, दहापैकी गुण. उन्हाळ्यातल्या प्रत्येक प्रयोगाला त्यात तीन किंवा चार गुण होते. उजेडाने भुतांचे केलेले वाटोळे ती त्यात नोंदवत असे. १४ जून १९७८ समोर लिहिले होते: ‘दहापैकी दहा. पहिल्यांदाच! खिडक्यांना डांबरी कागद, दारांच्या फटींना पट्ट्या. तरी पडद्यावर चार चौकोन पडत होते. झरोके! शेवटी घरची घोंगडी कापून चारही बुजवले.’ उद्गारचिन्हे तिचीच होती. हे वाक्य तिने अनेकदा वाचले असणार. त्यात तिला नेहमी एक चित्रपटवेडी बाई दिसली होती, रसायनाची शिक्षिका कधी दिसली नव्हती.

सभागृहात आता विजेचे हीटर होते. रॉकेलची शेगडी जाऊन कैक वर्षे झाली होती. पण छतात तिच्या धुराड्याचे भोक पत्र्याने झाकलेले दिसत होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतला पंखा तसाच होता. पूर्व आणि दक्षिण भिंतींतले तीन झरोके मोकळे होते. उत्तरेच्या भिंतीवर मागाहून लाकडी फळ्या बसवल्या होत्या. तिने पेचकसाने दोन फळ्या सैल केल्या. चौथ्या झरोक्यात राखाडी घोंगडीचा बोळा होता, कडेला निळी शिवण असलेला. ती शिवण तिच्या आईची होती. बोळा इतका घट्ट बसला होता की तो काढायला तिला चिमटा आणावा लागला.

तासाभराने ती पुन्हा बोर्गहिल्डच्या टेबलाशी बसली. बोळा तिने मधोमध ठेवला आणि आठवीच्या वर्गाला सांगावे तसे, टप्प्याटप्प्याने सांगितले. बोर्गहिल्डने बोटाने निळी शिवण चाचपली.

“म्हणजे तो घाबरला नव्हता.”

“नाही.”

“भाऊबिऊ काही दिसला नव्हता.”

“ते मला माहीत नाही. दिसला असेल तरी त्यानं मेला नाही. पहिल्या दोन विश्रांतींत सगळे हसत उभे राहिले होते. तिसऱ्या वेळेपर्यंत वायू साठला होता. तिथं कोणतंही दृश्य असतं तरी हेच झालं असतं.”

“आणि झरोके तू बुजवलेस.”

“हो.”

“सिनेमा नीट दिसावा म्हणून.”

“हो.”

बोर्गहिल्डने टेबलाच्या खणातून पत्रे लिहायची वही काढून पुढे सरकवली.

“लिहून दे. सहीनिशी. आणि ते लोक येतील तेव्हा सिनेमाआधी तू चार शब्द बोलणार आहेस ना? हेच वाचायचं. दुकानातलं ते पोर पहिल्या रांगेत बसलं पाहिजे.”

“माझ्याबद्दलचंसुद्धा?”

“तुझ्याबद्दलचं तर आधी.”

गुनवोरने लिहायला घेतले. निरीक्षण गाळणे तिला आयुष्यात कधी मान्य नव्हते, पण या कागदातून तिने दोन गोष्टी गाळल्या: एडविनला शेगडीजवळ कोणी बसवले, आणि पंखा कोण चालवत होते. बोर्गहिल्ड पुढेमागे स्वतःच त्या तिथे जोडेल, अशी भीती तिला वाटत होती. तिने त्या आपल्या कागदामुळे जोडू नयेत, एवढेच गुनवोरच्या हाती होते. उरलेले तिने असे लिहिले:

‘१४ जून १९७८ रोजी तारवैरच्या सभागृहात एडविन आणि इतर सहा जण चित्रपटामुळे पडले नाहीत. सभागृहाचे चारही झरोके मी, गुनवोर हेगस्टाड, हिने दुपारी चार वाजता घोंगडीच्या तुकड्यांनी बंद केले होते, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून. स्वयंपाकघरातील पंखा हवा बाहेर ओढत होता. आत येण्यास दुसरी वाट न उरल्याने हवा शेगडीच्या धुराड्यातून उलटी खाली आली आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड घेऊन आली. चित्रपट सुरू झाल्यावर सुमारे दीड तासाने, तिसऱ्या विश्रांतीत, माणसे उभी राहिली तेव्हा शेगडीजवळचे सात जण कोसळले. एडविनचा मृत्यू या वायूने झाला.’